मोठ्या जावेनं भरलेला फॉर्म

धाकट्या जावेचा आपल्याला हेवा वाटतो हे सिस्टरनं कधी कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं, आणि घरात ते ठाऊक नसलेलं एकही माणूस नव्हतं.

सिस्टर सरकारी दवाखान्यात मुलांच्या विभागात नर्स होती. वय चव्वेचाळीस, नोकरीला बावीस वर्षं झालेली. घरातही सगळे तिला सिस्टरच म्हणत. नवरा चारचौघांत म्हणायचा, आणि चिडला की एकांतातही. सकाळी सात ते दोन इंजेक्शनच्या खोलीत दिवसाला चाळीस-पन्नास पोरं तिच्या हाताखालून जात. पोर रडायला तोंड उघडायच्या आत सुई टोचून बाहेर काढायची असा तिचा हात. त्या पोरांच्या आयांकडे बघून तिला कधी काही वाटलं नाही. तिची स्वतःची दोन मुलं पोटातच गेली होती, दुसरं पाचव्या महिन्यात, आणि नवव्या दिवशी ती कामावर हजर झाली होती. लोकांच्या कडेवरच्या पोरांशी तिचं भांडण नव्हतं. भांडण होतं ते फक्त वरच्या मजल्यावरच्या एका पोरीवरून.

वरच्या मजल्यावर तिचा दीर राहायचा. सिस्टर लग्न होऊन आली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता आणि त्याची आई जाऊन वर्ष झालं होतं. त्याचा अभ्यास, त्याचे ताप, त्याची दहावी, सगळं सिस्टरनं निस्तरलं. सासरे चिडके होते, हातात येईल ते उचलायचे. अशा वेळी मध्ये पडायची ती सिस्टरच. पुढे तो गाडी शिकवायच्या शाळेत लागला. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी बसून "क्लच सोडा, हळू सोडा, घाबरू नका" असं सांगायचं त्याचं काम, आणि शिकणाऱ्या बायका म्हणायच्या, काय शांत माणूस आहे. सिस्टरला ते ऐकून बरं वाटायचं. आपण वाढवलाय म्हटल्यावर वाटणारच.

मग त्याची बायको आली. पडदे शिवायच्या दुकानात कामाला होती. बारीक अंगाची, हसरी, कुणी काही लागट बोललं तर ऐकूच न आल्यासारखं करणारी. तिसऱ्या महिन्यात तिला दिवस गेले. दुकानात जाऊन पाव किलो काहीतरी मागावं आणि पुडा हातात पडावा इतक्या सहज. सिस्टरनं बाळंतपण सगळं केलं, न्हाऊ घातलं, शेक दिला, आणि प्रत्येक दिवशी मनातल्या मनात जावेची एकेक खोट काढली. हिला पोर नीट धरता येत नाही. हिला पोराचं रडणं कळत नाही. हिच्या जागी मी असते तर.

पोरगी सावळी, गोल आणि तिखट निघाली, म्हणून तिला सगळे मिरी म्हणू लागले. जाऊ कामावर परत गेल्यावर दुपारी तीन ते सहा मिरी सिस्टरकडे असायची. ते तीन तास सिस्टर दिवसभर राखून ठेवायची. मिरी तिला मोठीआई म्हणायची. सिस्टरला त्यातलं "मोठी" नको असायचं. सहाला जिन्यावर चपला वाजल्या की मिरी तोंडातला घास तसाच ठेवून दाराकडे पळायची, आणि सिस्टर हातातला चमचा धुवायला घ्यायची. चमचा बराच वेळ धुतला जायचा.

मिरी चार वर्षांची असताना दवाखान्यातल्या नर्सेसना एका दिवसाचं प्रशिक्षण झालं. विषय होता घरात मार खाणारी, हाल होणारी मुलं कशी ओळखायची आणि त्याची खबर कुठे द्यायची. शिकवायला आलेल्या बाईंनी भिंतीवर चित्रं दाखवली. मूल पडलं की लागतं ते गुडघ्याला, नडगीला, कपाळाला, जिथे हाड वर असतं तिथे. कानाला, मानेला, पाठीला, दंडाच्या आतल्या बाजूला निळं दिसलं तर थांबा. सांगितलेली हकीकत दर वेळी बदलते का बघा. मागच्या ओळीतून कुणीतरी विचारलं, "आणि आपली चूक झाली तर?" बाई म्हणाल्या, "तुमची खात्री व्हायची वाट बघू नका. शंका आली की कळवा. खरं-खोटं करायला दुसरी माणसं नेमलेली आहेत." सिस्टरनं प्रमाणपत्र घेतलं आणि घरी कपाटात ठेवलं. तिला वाटलं, बावीस वर्षांत हे आपल्याला येतंच होतं.

त्यानंतर दीड महिन्यानं, एका दुपारी मिरीचे केस विंचरताना तिला कानामागे निळसर जांभळा डाग दिसला. तिनं फ्रॉकची बाही वर केली. उजव्या दंडाच्या आतल्या बाजूला चार गोल ठिपके एका ओळीत होते, आणि बाहेरच्या बाजूला एक मोठा. हे कशाचे ठसे आहेत हे शिकवायला चित्रांची गरज नव्हती.

"हे काय झालं गं?"

"पडले."

"कुठे पडलीस?"

मिरीनं विचार केला. "आई म्हणाली, पडले."

सिस्टरनं पुढे अनेकदा स्वतःशी कबूल केलं की त्या क्षणी तिला आनंद झाला. भीती, कळवळा, राग हे सगळं आलं, पण नंतर. आधी आनंद झाला. इतकी वर्षं ती जी खोट शोधत होती ती आयती समोर आली होती. आई म्हणाली. म्हणजे आईच.

सहाला जाऊ आल्यावर तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं. जाऊ म्हणाली, "न्हाणीघरात घसरली ताई." दोन दिवसांनी सिस्टरच्या नवऱ्यासमोर तीच जाऊ म्हणाली, "सोफ्यावरून पडली." सिस्टरनं नवऱ्याकडे पाहिलं. त्याचं लक्ष टीव्हीकडे होतं.

हीच मुलगी इंजेक्शनच्या खोलीत कुणा परक्या बाईच्या मांडीवर दिसली असती, तर सिस्टरनं तासाभरात डॉक्टरीणबाईंना बोलावलं असतं. इथे ती एकोणीस दिवस गप्प बसली. गप्प बसण्याचं कारण तो आनंदच होता. आपल्याला हे दिसतंय की आपल्याला हे हवंय, तिला कळेना. पर्समध्ये बाळांच्या डोक्याचा घेर मोजायची प्लॅस्टिकची पट्टी असायची. त्या पट्टीनं तिनं डाग मोजले आणि जुन्या डायरीत मागच्या पानावर लिहिले. तारीख, जागा, रंग, आकार. लिहून झाल्यावर तिला चोरी केल्यासारखं वाटलं.

शेवटी तिनं नवऱ्याला सांगितलं. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "तुला तिचं काही खपत नाही हे मला पहिल्यापासून माहीत आहे. मी कधी बोललो नाही. पण एवढ्या थराला नको जाऊस."

"मी डाग बघितलेत."

"तू तिच्या भाजीत पण केस बघतेस."

ते खरं होतं.

पुढच्या आठवड्यात जाऊ येऊन म्हणाली, "ताई, उद्यापासून मिरीला दुपारी मी दुकानातच नेते. तुम्हाला उगाच त्रास." बोलताना ती सिस्टरकडे बघत नव्हती. अंगात पूर्ण बाह्यांचा, स्वतः शिवलेला सुंदर ब्लाउज होता. ऐन उकाड्यात हिला पूर्ण बाह्यांची हौस सुचते, असं सिस्टरच्या मनात आलं आणि ती ते बोललीही. जाऊ नेहमीसारखी ऐकू न आल्यासारखी हसली. सिस्टरनं दार लावलं आणि तीन ते सहा या वेळात काय करायचं असतं ते तिला आठवेना. आपल्याला कळलं हे हिला समजलं, म्हणून पोर तोडते आहे, असा तिनं हिशेब लावला, आणि जावेवरचा जळफळाट दुप्पट झाला.

बारा दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमारास, दवाखान्याच्या बाकावर तिला जाऊ दिसली. मांडीवर मिरी, आणि मिरीचा डावा हात ओढणीत बांधलेला. मिरी रडत नव्हती. रडणाऱ्या पोरांनी भरलेल्या त्या ओळीत गप्प बसलेली ती एकटीच होती.

"दारात हात अडकला," जाऊ म्हणाली. सिस्टरनं काही न विचारताच.

एक्स-रे आला. मनगटाच्या वर हाड पिळल्यासारखं मोडलं होतं. त्याच हातात कोपराजवळ आणखी एक जुनी खूण होती, दहा-बारा दिवसांपूर्वीची, आपोआप सांधत आलेली. ती कधी कुणाला दाखवलीच नव्हती. डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि बाहेर चाळीस पेशंट होते. त्यांनी फिल्म उजेडात धरली, मग सिस्टरकडे वळून हळूच विचारलं, "तुमच्याच घरातली ना ही? म्हणजे तुमचं रोजचं लक्ष असेलच. तसं काही काळजीचं नाही ना?"

सिस्टरनं नुसती मान हलवली असती तर विषय तिथेच संपला असता. घरची नर्स आहे म्हटल्यावर पुढे कुणीच काही विचारलं नसतं. दार उघडं होतं. बाहेर जाऊ खाली मान घालून मिरीच्या पायातली चप्पल नीट करत होती.

"आहे," सिस्टर म्हणाली. "काळजीचं आहे."

अशा वेळी भरायचा दोन पानी फॉर्म मेट्रनबाईंच्या कपाटात असायचा. मेट्रनबाई निवृत्तीला आलेल्या, जाड भिंगाच्या चष्म्याच्या, कुणाचंही कौतुक न करणाऱ्या. सिस्टर त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाली, "फॉर्म मी भरते. पण आधी एक सांगते. हिच्याशी माझं पटत नाही. उद्या ती म्हणेल, मी जळते म्हणून लिहिलं."

"जळतेस का?"

सिस्टर थोडा वेळ टेबलावरच्या काचेखालचं सुट्ट्यांचं वेळापत्रक वाचत राहिली. "हो."

"बरं. तू जळतेस म्हणून त्या पोरीचं हाड मोडलं का?"

"नाही."

"मग बस आणि लिही."

सिस्टरनं लिहिलं. डायरीतल्या तारखा तिला पाठ होत्या. दंडाचे ठसे, कानामागचा डाग, दोन वेगळ्या हकीकती, आजचा हात, जुनी खूण. शेवटी एक रकाना होता, संशयित व्यक्ती. तिथे तिनं क्षणाचाही विचार न करता लिहिलं, आई. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं होतं.

मेट्रनबाईंनी चष्मा वर सरकवून वाचलं. "हे तू पाहिलंस?"

"नाही, पण मिरीच म्हणाली की…"

"काय म्हणाली? तिचे शब्द सांग."

"आई म्हणाली, पडले."

"मग तेच तिच्या शब्दांत लिही. आणि इथलं खोड."

सिस्टरला ते खोडायचं नव्हतं. तिनं पेन हातात धरून ठेवलं. मेट्रनबाईंनी दुसऱ्या कागदांवर पाच-सहा सह्या केल्या. मग सिस्टरनं तो शब्द खोडला आणि शेजारी लिहिलं, माहीत नाही. ते दोन शब्द लिहिताना तिला जितकं जड गेलं तितकं बाकीची दोन पानं लिहिताना गेलं नाही.

मुलांच्या संरक्षणाचं काम बघणारी अधिकारी दोन तासांत आली. विशी-पंचविशीतली, पाठीला सॅक, पायात कापडी बूट. हिला काय कळणार, असं सिस्टरला वाटलं. तिनं आधी मिरीला खेळण्यांच्या खोलीत नेलं, मग जावेला वेगळं बसवलं. सिस्टर बाहेर उभी होती. जाऊ बाहेर येताना कशी दिसेल याची ती वाट बघत होती, आणि आपण वाट बघतोय हे तिला कळत होतं.

दीड तासानं अधिकारी एकटीच बाहेर आली. "मुलीचे वडील या वेळी कुठे असतात?"

सिस्टरनं गाडीच्या शाळेचा पत्ता सांगितला. सांगता सांगता ती थांबली. "तो? नाही, नाही. त्याला मी वाढवलंय."

अधिकारी सॅकमधून वही काढत होती. तिनं पत्ता लिहून घेतला.

मिरीनं बाहुलीचा हात पिरगाळून दाखवला होता आणि सांगितलं होतं, बाबा असं करतात, मग आईला पण करतात. जावेनं तासभर तोंड उघडलं नव्हतं. मग एका नर्सनं तिच्या बाह्या वर केल्या. दोन्ही हातांवर मनगटापासून दंडापर्यंत नवे-जुने डाग होते. ती नर्स सिस्टर नव्हती. सिस्टरला त्या खोलीत येऊ दिलं नव्हतं. तिला हे सगळं मेट्रनबाईंनी सांगितलं, खुर्चीवर बसवून, पाण्याचा ग्लास हातात देऊन.

त्या दिवशी घरी गेल्यावर तिनं डायरी काढली. बाहेरच्या बाजूचा अंगठ्याचा ठसा तिनं स्वतः मोजला होता, स्वतः लिहिला होता. मग तिला जावेची बोटं आठवली, सुईत दोरा ओवणारी, लहान मुलीसारखी बारीक. तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, असं अधिकारी नंतर म्हणाली. पण एकोणीस दिवस तो आकडा समोर असून सिस्टरनं एकदाही त्या बोटांशी ताडून बघितला नव्हता. बघायची इच्छाच नव्हती. आणि सासऱ्यांनी मारलं की दिराच्या दंडावर अशाच खुणा उठायच्या, त्यावर ती स्वतः बर्फ धरायची, हेही तिला तेव्हाच आठवलं.

दिराला पोलिसांनी नेलं, मग सोडलं, बायको-मुलीच्या जवळ जायचं नाही या अटीवर; त्या दोघींना तोवर महिलांच्या वसतिगृहात हलवलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो सिस्टरच्या दारात आला. डोळे सुजलेले.

"वहिनी, तू तरी मला ओळखतेस ना?"

सिस्टरला पुष्कळ बोलायचं होतं. तिच्या तोंडातून निघालं ते एवढंच, "जेवलास का?" तो रडायला लागला. तिनं दार लावून घेतलं. त्या प्रश्नाची तिला पुढे कित्येक दिवस लाज वाटत राहिली. नवरा दोन महिने तिच्याशी कामापुरतं बोलला. भावाबद्दलचं सगळं खरं आहे हे त्याला पटत होतं, पण ते बाहेर आणणारी बायको त्याला समोर नको होती.

पंधरा दिवसांनी बालकल्याण समितीपुढे बैठक झाली. लांब टेबल, तिघे जण, पंखा कुरकुरणारा. प्रश्न असा होता की मिरीला आईकडे ठेवायचं की काही महिने दुसऱ्या नातेवाइकाकडे. आईनं गोष्ट लपवली होती, एक मोडलेलं हाड दवाखान्यात आणलंच नव्हतं. अध्यक्षबाईंनी सिस्टरला विचारलं, "तुम्ही नर्स आहात, मुलगी तुमच्या अंगाखांद्यावर वाढलीये. तुमच्याकडे ठेवायला हरकत नाही. आईबद्दल तुमचं मत काय?"

सिस्टरच्या घशाशी उत्तर तयार होतं. ते चार वर्षांपासून तयार होतं. आणि त्यातला शब्द न् शब्द खरा धरला गेला असता. जाऊ समोरच्या खुर्चीवर बसली होती, हात मांडीवर, आणि पहिल्यांदाच ती सिस्टरच्या डोळ्यांत बघत होती.

"तिनं लपवलं हे खरं आहे," सिस्टर म्हणाली. "शेवटी तीच घेऊन आली, हेही खरं आहे. पुढचं मला विचारू नका. मला ती मुलगी हवी आहे. पहिल्या दिवसापासून हवी आहे. त्यामुळे माझं मत घेऊ नका."

अध्यक्षबाईंनी लिहिणं थांबवून तिच्याकडे पाहिलं आणि मग शेजारच्या माणसाशी हळू आवाजात बोलल्या. मिरीला आईकडे ठेवायचं ठरलं, दर आठवड्याला अधिकारी भेट देईल या बोलीवर. सिस्टर बाहेर येऊन जिन्यात बसली. चांगलं वागल्यावर बरं वाटतं असं म्हणतात. तिला तसं काही वाटलं नाही.

जाऊ मागून आली आणि एक पायरी सोडून बसली.

"एक विचारू?" सिस्टर म्हणाली. "घराजवळ दोन दवाखाने आहेत. माझ्याकडेच का आणलीस?"

"तिकडे प्लास्टर घालून घरी पाठवलं असतं," जाऊ म्हणाली. "माझ्या तोंडून ते निघत नव्हतं ताई. मिरीला तुमच्याकडे पाठवायची नाही असं ह्यांनी सांगितलं, वहिनी फार चौकशा करते म्हणून. तेव्हाच म्हटलं, आता काही झालं तर तुमच्याच दवाखान्यात न्यायचं. माझ्या घरात काही वाकडं दिसलं, तर तुम्ही ते सोडणार नाही, एवढी मला खात्री होती."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता, आभारही नव्हते. 

"फॉर्मवर मी आधी तुझं लिहिलं होतं," सिस्टर म्हणाली. "मग खोडलं."

"दिसलं मला, आत टेबलावरच होता तो कागद. खाडाखोड असली तरी वाचता येतं." जाऊ उठली, साडी झटकली. "मिरीचं प्लास्टर काढायला तुम्हीच या. ती दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही."

याला आता तीन वर्षं झाली. दिराला शिक्षा झाली, थोडी. नवऱ्यानं मध्यंतरी एकदा जावेच्या नव्या खोलीवर जाऊन नळाची गळती काढून दिली, आणि घरी येऊन सिस्टरला चहा विचारला. दवाखान्यात तो दोन पानी फॉर्म आता सिस्टरच्याच कपाटात असतो. नव्या मुलींना ती शिकवते, आणि संशयित व्यक्तीच्या रकान्यापाशी आली की जरा कडक होते. तिनं स्वतः नऊ फॉर्म भरलेत. त्यातल्या दोन वेळा शंका चुकीची निघाली. ज्यांच्यावर ती आली होती त्या आयांपैकी एकीनं भर ओळीत तिला नाही नाही ते सुनावलं. तिनं ऐकून घेतलं आणि पुढच्या पोराला आत बोलावलं.

जाऊ दुकानाजवळ खोली घेऊन राहते. मिरी शाळेत जाते, गुरुवारी आणि रविवारी मोठीआईकडे असते. खोलीच्या शेजारी एक निवृत्त मास्तरीणबाई राहतात. मिरीला त्यांनी पाढे शिकवले, पतंग करायला शिकवला, आणि हल्ली मिरीच्या तोंडी सारखं त्यांचंच नाव असतं. सिस्टर त्यांना दोनदा भेटली आहे. बाई सज्जन आहेत, पोरीला लळा लावणाऱ्या आहेत, मिरीच्या अंगावर कुठेही काही नाही हे सिस्टरनं नीट बघून घेतलंय. तरी तिला त्या अजिबात आवडत नाहीत.